भिकननानांचं बिनकाट्यांचं घड्याळ

भिकन देवरे सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात कामाला होता, पण हे सांगूनही कोणाला पटत नसे. लोकांना तो ठाऊक होता मांडवातला. लग्नसराई लागली की नाशिकपासून सटाण्यापर्यंत कुठे ना कुठे त्याच्या हातात माईक असायचा. आवाज असा खणखणीत की मांडवामागच्या आचाऱ्याने कढईतून मान वर काढावी. बिदागी म्हणून तो घ्यायचा फक्त नारळ आणि टॉवेल-टोपी. बायको उज्वला म्हणायची, "घरात टोप्यांचं दुकान टाकता येईल, पण डोकं एकच आहे." सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत टोप्यांची थप्पी खरोखरच कपाटाच्या वर गेली होती.

आता आपल्याकडच्या लग्नाचं सांगायचं तर पत्रिकेवर मुहूर्त छापतात तो केवळ मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पाराला जातो तो तिथलाच होतो. त्याचे मित्र बँडपुढे नाचतात, बँडवाला थांबला की त्याला नोटा दाखवतात, मग तो पुन्हा वाजवतो. मिरवणूक कशीबशी मांडवात आली तर पुढाऱ्यांची आशीर्वादाची भाषणं. मुलीकडच्यांची घड्याळं पुढे असतात, मुलाकडच्यांची मागे, आणि गुरुजी कोणाच्याही घड्याळाला मान डोलावतात. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. भिकनला ते नेता येत नसे, आणि त्याला कारण होतं.

एक्क्याण्णव साली सटाण्याजवळच्या त्याच्या गावात धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मुलीच्या आईबापाने कन्यादान होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हा आपला जुना नेम. आई भिमाबाई पहाटेपासून उपाशी होती. मुहूर्त सकाळचा, आणि नवरदेव मांडवात आला उन्हं कलल्यावर. सगळ्यांचा चहा झाला, फराळ झाला, बँडवाल्यांनी भजी खाल्ली. नवऱ्या मुलीची आई तेवढी अक्षतांचं ताट धरून उभी. आणि उभ्या उभ्याच ती ताटासकट खाली कोसळली. पिवळे तांदूळ सगळ्या जमिनीवर सांडले. भिकनने तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. तिने डोळे उघडले आणि आपल्या अहिराणीत पुटपुटली, "मी बरी शे रे भाऊ, लगीन आटप." बाहेर अजून बँड वाजत होता. भिकनला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून त्याने माईक धरला. ज्या मांडवात मी असेन तिथे पोरीची आई पडणार नाही, एवढाच त्याचा हट्ट. आणि अक्षता पडल्याशिवाय तो स्वतःही पाण्यापलीकडे काही घेत नसे. लोकांना वाटे, ही नानांची ऐट. त्यानेही कधी खुलासा केला नाही.

पण हट्टाने मुहूर्त गाठता येत नाही. भिकन माईकवरून ओरडून ओरडून सांगायचा की वेळ झाली, आणि मुलाकडचा कोणीतरी मनगट उगारून म्हणायचा, "नाना, कशाची वेळ? आमच्यात अजून अर्धा तास हाय." घड्याळाला घड्याळ भिडलं की निकाल लागत नाही. सात-आठ वर्षं भिकन असाच हरत राहिला.

मग नव्याण्णव साली धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे जावई मोकळा, आणि सासरी जावयाचा मान मोठा. अनारसे झाले, धोतरजोडी झाली, आणि शेवटी मेहुणा ललित एक गोल डबी घेऊन पुढे आला. मुंबईहून आणलं म्हणाला. डबीत घड्याळ होतं, पण ते घड्याळ आहे हे कळायलाच जेवायला बसलेल्या माणसांना थोडा वेळ लागला. जाड स्टीलचा गोळा, त्यावर घुमटासारखी फुगलेली काच, अगदी चंद्रावर उतरलेल्या माणसांच्या डोक्यावरचं ते हेल्मेट छोटं करून मनगटावर बसवावं तसं. काचेच्या आत काळी कुळकुळीत तबकडी. तिच्यावर आकडे नाहीत, काटे नाहीत. नुसते दोन ठिपके, एकाच मापाचे, एक केशरी आणि एक पांढरा, आपले गोल फिरतायत.

"माणूस चंद्रावर गेला ना भाऊजी, तेव्हाची फॅशन आहे ही," ललितने समजावलं. "आता नव्याने आलीय. केशरी ठिपका तासाचा, पांढरा मिनिटाचा. बास."

सासरेबुवांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि मुलाकडे असं पाहिलं की जावयाला देण्याआधी मला विचारायचं होतंस. उज्वलेने नाक मुरडलं. भिकनने मात्र ते मनगटावर चढवलं, हात लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि त्याला ते मनापासून आवडलं. का, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. साध्या माणसाच्या वाट्याला असली चैनीची विचित्र वस्तू सहसा येत नाही, आणि आली की ती काढवत नाही.

त्या घड्याळाची खरी किंमत त्याला पुढच्या लग्नसराईत कळली. पिंपळगावकडचं लग्न होतं. वेळ झाल्याचं त्याने पुकारलं तसा नवरदेवाचा चुलता नेहमीप्रमाणे मनगट उगारून आला. भिकनने आपलं मनगट त्याच्यापुढे धरलं. चुलत्याने त्या घुमटात पाहिलं. डोळे बारीक केले. मान इकडे केली, तिकडे केली. दोन ठिपके त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्या गर्दीत आपल्याला घड्याळ वाचता येत नाही हे कोण कबूल करील? "हां, झालीच की वेळ," असं म्हणून तो गडी मुकाट्याने घोडा आणायला गेला.

भिकनला हसू आवरेना. जे घड्याळ दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही, त्याच्याशी भांडणार कोण! त्यानंतर तो माईकवर पहिल्यांदा वेळ पुकारायचा आणि लगेच मनगट वर करायचा. काच उन्हात चमकायची. बायाबापड्या बोट दाखवायच्या, म्हातारे विचारायचे, नाना, ह्यात खरंच चंद्राची वेळ दिसती का? दोन-तीन सराईंत त्याचं नावच पडलं, घड्याळवाले नाना. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मांडवात अक्षता वेळेवर पडू लागल्या. मुलींच्या आया वेळेवर जेवू लागल्या. भिकन दूर उभा राहून त्यांना पहिला घास घेताना बघायचा आणि मगच आपलं पान मांडायला सांगायचा.

असं सगळं सुरळीत चाललं की माणसाला आपल्या घड्याळाचा गर्व होतो. भिकनला झाला. आणि चांदवडला तो उतरला.

दोन हजार दोनच्या मे महिन्यातलं ते लग्न. मुहूर्त दुपारी पाऊण वाजताचा. मंडपवाल्याने नवीन थाट केला होता, छताला इकडून तिकडे एकच एक भगवं कापड. ऊन त्यातून गाळून खाली येत होतं आणि माणसं, खुर्च्या, नवरीची साडी, सगळं केशरात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. एरवी भिकन मांडवाच्या तोंडाशी उन्हात उभा राहायचा. त्या दिवशी यजमानांनी आग्रहाने त्याला स्टेजवर नेलं. नवरदेवही, कधी नव्हे तो, लवकर येऊन बसला होता. भिकन सत्काराची नावं पुकारण्यात रंगला. मध्येच त्याने मनगटाकडे पाहिलं आणि त्याचं धाबं दणाणलं. घड्याळात एक वाजला होता! मुहूर्त टळून गेला, आणि तोही आपल्या हातून.

वाजले होते बारा वाजून पाच. केशरी ठिपका बाराच्या जागी होता आणि पांढरा एकच्या. पण त्या भगव्या उजेडात पांढरा ठिपकाही केशरी झाला होता. दोन्ही एका मापाचे, दोन्ही एका रंगाचे. भिकनने तासाला मिनिट समजून घेतलं आणि मिनिटाला तास.

"गुरुजी, आटपा! नवरीला आणा! अक्षता वाटा!" त्याने माईकवरून असा काही धोशा लावला की मांडव उठून उभा राहिला. मनगटावर घड्याळं शेकडो माणसांच्या होती, पण नानांच्या मांडवात आपलं घड्याळ बघायची सवयच मोडली होती. गुरुजींनी तेवढं आपलं पाहिलं, मग नानांचा चेहरा पाहिला, आणि आपलंच बंद पडलंय असं समजून ते कानाला लावलं. नवरीला मांडवात आणतो मामा, तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. मामा कुठाय म्हणून कोणी विचारलं, तर दुसरा कोणी म्हणाला, येतोय, तोवर आईच्या चुलतभावाला उभा करा. अष्टका झाल्या, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली.

पंगत बसत असताना मोतीराम आला. नवरीचा सख्खा मामा, विंचूरचा. भाचीसाठी शालू, डोक्याला नवा कोरा फेटा. मुहूर्ताला चांगली वीस मिनिटं बाकी असताना तो मांडवात शिरला आणि समोर लोक जिलबी खात होते. क्षणभर त्याला वाटलं आपण चुकीच्या मांडवात आलो. मग त्याला भाचीच्या गळ्यात हार दिसला.

"माझ्या भाचीचं लगीन," तो एवढंच म्हणाला, "अन मामाच नाय?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो शालू छातीशी धरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. भिकन मांडवाबाहेर पळाला. बाहेर उन्हात त्याने मनगट पाहिलं, आणि पांढरा ठिपका पांढरा दिसला. तो परत आत आला, माईकवर गेला आणि म्हणाला, चूक माझी आहे, केशरी ठिपका तासाचा आणि पांढरा मिनिटाचा, मी उलटं वाचलं, मामांनी मला माफ करावं. मोतीरामने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी भिकनने टॉवेल-टोपी घेतली नाही. घरी आला आणि घड्याळ टोप्यांच्या मागे ढकलून दिलं.

बातमी बँडवाल्यांबरोबर गावोगाव गेली. मामा सोडून लग्न लावणारे नाना, असं लोक हसून सांगू लागले. बोलावणी आली तरी भिकनने नाही म्हटलं. कोणाच्या लग्नाला गेलाच तर मागच्या खुर्चीवर बसायचा. मांडवात पुन्हा घड्याळाला घड्याळ भिडू लागलं, भाषणं लांबू लागली, आणि मुलींच्या आया पुन्हा खांबाला धरून उभ्या राहू लागल्या. भिकनला ते दिसायचं. तो उठून निघून यायचा.

अशी दोन वर्षं गेली. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एका दुपारी सिडकोतल्या त्याच्या दारात मोतीराम उभा राहिला. उज्वलेने घाईघाईने चटई टाकली, पाणी आणलं. मोतीराम बसला नाही.

"तुमच्यामुळं मी भाचीच्या लग्नाला मुकलो," तो म्हणाला. "ते मी इसरलेलो नाय आन इसरणार बी नाय. पण माझ्या तृप्तीचं लगीन हाय विंचूरला. तिच्या आईला साखरंचा आजार. डाक्टर म्हणतो उपाशी राहू नका, अन बाई म्हणती, लेकीचा उपास मी मोडणार नाय. पाव्हणे लय नाचरे हायेत नाना. थोरल्या पोराच्या लग्नात दिवस मावळायला आला होता." त्याचा आवाज खाली आला. "साळूबाईला काही झालं तर मी काय करू? मुहूर्त साडेबाराचा हाय. तुमी गाठून द्या."

भिमाबाई, ताट, सांडलेले पिवळे तांदूळ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने खुर्चीवर चढून टोप्यांची थप्पी बाजूला केली.

"दोन अटी," तो वरूनच म्हणाला. "स्टेजवर कापड पांढरं पाहिजे. आणि मामाने हात वर केल्याशिवाय मी पहिली अष्टका म्हणू देणार नाही."

"तिचे दोन मामा हायेत," मोतीराम म्हणाला.

"मग दोन हात."

लग्नाच्या दिवशी विंचूरला भिकन सकाळीच हजर झाला. छत पाहिलं, शुभ्र पांढरं. घड्याळात नवा सेल होता. साळूबाई स्वयंपाकघरातून मांडवात, मांडवातून स्वयंपाकघरात करत होती, ओठ सुकलेले, तरी येईल त्याला म्हणत होती, चहा घेतला का? भिकनने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि ठरवलं की आज आपलं नाव गेलं तरी चालेल, ही बाई पडता कामा नये.

बारा वाजायला आले. मिरवणूक मारुतीच्या पाराजवळ अडकली होती आणि तिथून हलायचं नाव नव्हतं. भिकनने माईकवरून तीनदा पुकारलं. बँडच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? आणि आता पोरांच्या खिशात मोबाईल आले होते, तिथे घड्याळ दाखवून कोण घाबरणार? मोतीराम कडेला उभा राहून फेट्याचा शेमला चावत होता. भिकनने मंडपवाल्याकडून बिनवायरीचा माईक घेतला आणि थेट मिरवणुकीत घुसला.

"नवरदेवाच्या मित्रांनो!" तो गरजला. "आजपर्यंत तीन जिल्ह्यांत हे घड्याळ कोणाला वाचता आलेलं नाही! जो सांगेल किती वाजले, त्याचा स्टेजवर नवरदेवाच्या शेजारी सत्कार, टॉवेल-टोपी आणि फोटो!"

आणि मनगट उंच केलं. उन्हात काच लखलखली.

पहिल्यांदा एक पोरगा थांबला. मग दुसरा. "सव्वाचार!" कोणी ओरडलं. "अरे येड्या, साडेसहा!" एकाने हळूच मोबाईल काढला.

"तो खिशात ठेवा भाऊ, चंद्रावर रेंज नसते!" भिकन म्हणाला, आणि हास्याचा फवारा उडाला. तो हात उंच धरून उलट्या पावली मांडवाकडे सरकू लागला. पोरं घड्याळ बघायला एकमेकांच्या खांद्यावर चढत त्याच्यामागे सरकू लागली. नाचणारेच निघून गेल्यावर बँडवाला वाजवणार कोणासाठी? तोही निघाला. बँड निघाला तसा घोडा निघाला, आणि घोड्यावर नवरदेव असल्यामुळे त्यालाही यावं लागलं. स्वतः नवरदेव घोड्यावरून वाकून बघत होता आणि दर दहा पावलांना नवी वेळ सांगत होता. विंचूरच्या त्या रस्त्यावर अख्खी मिरवणूक एका मनगटामागे चाललेली लोकांनी पहिल्यांदाच पाहिली.

मांडवात पोचल्यावर भिकनने स्टेजवर उभं राहून मनगट सगळ्यांना दाखवलं. "शेवटची संधी! कोणी आहे का?"

"बारा वीस!" मागून आवाज आला. मोतीराम पुढे आला. "केशरी तास, पांढरा मिनिट. दोन वर्षं झाली, इसरलो नाय म्हणालो ना!"

मांडव हसून हसून लोटपोट झाला. मोतीरामही हसला, चांदवडनंतर भिकनकडे बघून पहिल्यांदाच.

पण पुढारी राहिले होते. समोरच्या सोफ्यांवर सहा-सात जण कागद काढून बसलेच होते. भिकनने अक्षता वाटणाऱ्या पोरींना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी प्रत्येक पुढाऱ्याची ओंजळ अक्षतांनी काठोकाठ भरली. ओंजळ सोडली तर अक्षता सांडतात, आणि ओंजळ धरली तर माईक धरता येत नाही. बिचारे आशीर्वाद तोंडातच ठेवून उभे राहिले.

"नवरीचे मामा!" भिकनने पुकारलं. "दिसू द्या!"

"हाय! इथंच हाय!" दोन हात वर झाले. एका मामाने तर भाचीचा हातच वर केला.

आंतरपाट धरला गेला. गुरुजींनी पहिली अष्टका उचलली. भिकन मनगटाकडे बघत उभा होता. वर पांढरं कापड, आत पांढरा ठिपका, आणि तो हळूहळू बरोबर खाली, सहाच्या जागी येत होता. शेवटची अष्टका संपली, सावधान झालं, आंतरपाट बाजूला झाला, आणि साडेबाराच्या ठोक्याला विंचूरच्या त्या मांडवात अक्षतांचा पाऊस पडला. बँडवाला इतका चकित झाला की त्याने वाजवायला जरा उशीर केला. भिकनने माईक खाली ठेवला. त्याला ओरडावंसं वाटत होतं, जिंकलो, आई, जिंकलो!

कन्यादान झालं. मोतीरामने स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि भर मांडवात भिकनच्या डोक्यावर बांधला. इतक्या वर्षांत भिकनला टोप्या खूप मिळाल्या होत्या, पण दुसऱ्याच्या डोक्यावरचा फेटा पहिल्यांदाच. तो फेटा सावरत नेहमीसारखा बाजूला खांबाशी जाऊन उभा राहिला.

तिथून साळूबाई दिसत होती. जावांनी तिला पाटावर बसवलं होतं, ताट पुढे ठेवलं होतं. तिने एक घास घेतला, मग दुसरा. मग तिने मान वर केली आणि तिला खांबाशी उभे असलेले नाना दिसले. तिने हाताने जवळ बोलावलं, शेजारच्या पाटावर आणखी एक ताट मांडायला लावलं.

"सकाळधरनं तुमच्या तोंडात बी कायच नाय," ती म्हणाली. "मी बघत होते. बसा."

"आधी तुमचं होऊ द्या वहिनी."

"मी बरी हाय," साळूबाई म्हणाली. "तुमी जेवा."

भिकन पाटावर बसला. मनगटावरचं घड्याळ काढून त्याने ताटाशेजारी ठेवलं, आणि पहिला घास घेतला.